रस्ता माझ्याकडं, पाणी तिच्याकडं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीसाठी वाघोलीला एक खोली बघितली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खोली बघितली, परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली, कौसल्या खिडकीकडं सरकली. शिक्रापूरच्या चौकात गाडी अडकली, तसं तिनं पिशवीतून दोन चिकू काढले आणि एक माझ्या हातात दिला.

"आंबलाय ह्यो," मी म्हणालो.

"तुम्हाला सगळंच आंबलेलं लागतंय. खावा गप."

मी खाल्ला. बिया कुठं टाकायच्या म्हणून मूठ मिटून बसलो होतो. तिनं बाहेर बघता बघताच माझी मूठ उघडली, बिया काढून घेतल्या आणि पदराच्या टोकाला बांधून टाकल्या. शिरूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी विचारलं, "मंग? कशी वाटली खोली?"

"सकाळी सांगते."

सकाळ झाली. ती उठली नाही.

डॉक्टरनं कारण सांगितलं. त्याचं नाव मी विसरलो, आणि आठवलं तरी इथं लिहिणार नाही. कारणानं काय होतंय. रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा माझ्याकडं होता. मी दोघांचा चहा केला, तिचा कप भरला, वर बशी झाकली आणि हाक मारली. एवढंच. दिवसभर घरात माणसं होती, विहारातली आली, दौंडहून लेकीकडची आली, आणि तो कप तसाच ओट्यावर. संध्याकाळी कुणीतरी तो ओतून टाकला आणि मांडणीवर पालथा घातला. तेव्हापासून तो पालथाच होता. चिकूच्या बिया तिच्या पदरातच राहिल्या. लेकीनं ती गाठ सोडवली का, मी विचारलं नाही.

काल मी परत वाघोलीला जाऊन आलो. एकटा. म्हणून हे सगळं वर आलंय.

आमची खोली बघायची एक पद्धत होती. रस्ता माझ्याकडं, पाणी तिच्याकडं. म्हणजे असं, की मी बाहेर थांबायचो. गाडी कुठं मिळते, दुसऱ्या पाळीवरून येताना वाटेत दिवे असतात का, पावसाळ्यात चिखल कुठवर येत असेल, कामाला जाऊन येईपर्यंत माणसात जीव किती उरेल, हे मी बघायचं. ती आत जायची आणि घरमालकिणीला म्हणायची, "बाई, जरा प्यायला पाणी देता का?" भाडं विचारायच्या आधी. नाव सांगायच्या आधी. मग ते पाणी कसं येतंय ते बघायची. हातात येतंय का उंबऱ्यावर ठेवलं जातंय. वरून ओंजळीत पडतंय का तांब्या पुढं होतोय. भांडं घरातलं आहे का कोपऱ्यात वेगळं काढून ठेवलेलं. आम्ही जयभीमवाले. ज्यांना हे कळतं त्यांना कळतं. ज्यांना कळत नाही त्यांचं बरं चाललंय.

आणखी एक. परक्याच्या घरी प्यायलेलं भांडं ती कधी विसळायची नाही. तिच्या आईला गावात चहा मिळायचा तो वळचणीला खोचलेल्या कपात, आणि पिऊन झाला की तो आपल्या हातानं धुऊन परत वळचणीला ठेवायचा. कौसल्यानं ते लहानपणी बघितलेलं. म्हणून मोठेपणी कुणाच्यात गेली, की कप खाली ठेवून सरळ उठायची. बायका नावं ठेवायच्या. माझ्या चुलतभावाची बायको एकदा म्हणाली, "ह्या बाईचं हात मेंदीचं हायत का?" कौसल्या म्हणाली, "माझ्या घरात ये, तुझ्या सात पिढ्यांची भांडी घासते. दुसऱ्याच्यात एक कप इसळणार न्हाई." लेकीच्या घरी मात्र चपला काढायच्या आधी मोरी गाठायची.

मला पाणी मागताच येत नाही. लहानपणापासून. घशाला कोरड पडली तरी तोंड उघडत नाही. कंपनीत नळालाच तोंड लावायचो. त्यामुळंच रस्ता माझ्याकडं आला असेल. बोलून असं काही ठरवलं नव्हतं.

आणि निकाल सकाळी. घर बघितलं त्या दिवशी ती काही बोलायची नाही. कितीही डिवचा. "पाणी रातभर पोटात राहू दे. बसलं का न्हाई ते सकाळी कळंल." सकाळी बशीत चहा ओतायची, फुंकर मारायची, आणि फुंकर आणि घोट यांच्या मधे सांगायची. "तिथं राहू." नाहीतर "तिथं नको." याच्यापुढं एक शब्द नाही.

लग्न झालं तेव्हा मी हडपसरला एका कारखान्यात लेथवर होतो. रविवार आला की आम्ही पुण्यात खोल्या बघायचो. नवीन लग्न झालेले लोक पिक्चरला जायचे, बागेत बसायचे. आम्ही जिने चढायचो. तिची एकच चांगली साडी होती, जांभळी, ती खोल्या बघायची साडी. कुठल्याही गल्लीत शिरलो की मला रॉकेलच्या स्टोचा वास यायचा आणि वाटायचं, ह्यातला एक स्टो आपला असावा. जवळच्या खोल्या परवडायच्या नाहीत. परवडायच्या त्या इतक्या आतल्या, की तिथून सायकलनं कामावर पोचेपर्यंत पाळी निम्मी झाली असती.

एकीकडं मालकिणीनं काचेच्या पेल्यात पाणी दिलं, माठातलं गार. मी खालून जिन्याकडं बघत होतो. कौसल्या हसत दोन पायऱ्या उतरली, तेवढ्यात वरून आवाज आला, "आडनाव काय म्हणालात?" तिनं सांगितलं.

"अगं बाई. खोली तर काल गेली वाटतं. मिस्टर बोलले असतील कुणाला."

दारावर पाटी लटकत होती, खोली भाड्याने देणे आहे. वाऱ्यानं हलत होती. मी पाटीकडं बघितलं. बाईनं पण बघितलं. कौसल्या रस्त्यावर आली आणि म्हणाली, "पानी गार हुतं पण."

दुसऱ्या सकाळी बशीवर फुंकर मारून म्हणाली, "तिथं नको."

"अगं ते देतच न्हाईत, तर नको काय म्हंती?"

"म्हणून काय झालं. आपलं आपण म्हणायचं."

मग दौंड. दौंडला रेल्वेची वस्ती, माणसं देशभरची. रुळांच्या कडेला पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथं एका म्हातारीनं तांब्या आणून कौसल्याच्या हातात दिला आणि आपल्या भाषेत कायतरी बोलत राहिली. कुठली भाषा ते आजतागायत माहीत नाही. कौसल्या बाहेर येऊन म्हणाली, "एक अक्षर कळलं न्हाई." आणि सकाळी, "तिथं राहू."

त्या खोलीची आठवण म्हणजे आवाज. शंटिंग चालायचं, डब्याला डबा आपटायचा, आणि तो दणका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचा. मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची. ताटं बारीक वाजायची, वाट्या गरगरायच्या, शेवटी पळी एकदाच टण्ण. त्याशिवाय आमची रंजना झोपायची नाही. पाळण्यात डोळे उघडे ठेवून मालगाडीची वाट बघायची. कौसल्या दिवसा बारदानाच्या गोडाऊनवर पोती शिवायला जायची, दाभण आणि सुतळी. तिच्या हातांना तागाचा वास असायचा. भाकरी थापली तरी भाकरीला तो वास. मला बरा वाटायचा. आता तागाची पोती फारशी दिसत नाहीत, सगळं प्लॅस्टिकचं. एखाद्या किराणाच्या दुकानात जुनं पोतं दिसलं, तर मी उगाच जवळ जाऊन उभा राहतो. दुकानदार विचारतो, काय देऊ?

मी शटलनं, म्हणजे दौंड-पुणे पॅसेंजरनं, हडपसरला जायचो. सकाळी अंधारात जायचं, अंधारात यायचं. डब्यात चौघं गुडघ्यांवर टॉवेल ताणून पत्ते कुटायचे, मी डोळे मिटून बसायचो. डोळे मिटूनच मला सगळं कळायचं. लोणीला तेलाच्या टाक्यांचा वास. यवतच्या पुढं गुऱ्हाळांचा, गरम गुळाचा. गळीत चालू असलं की पाटसला मळीचा, आंबूस, डोकं धरणारा. कुणी नाक दाबायचं. मला तो वास आला की पायात बळ यायचं, कारण पाटस झालं की दौंड. कौसल्या म्हणायची, तुमच्या शर्टाला पाटस लागून येतंय. गाडी यायच्या वेळेला ती दारात बसलेली असायची, आणि इंजिनाची शिट्टी ऐकून तवा ठेवायची. गाडी लेट असली की भाकरी लेट. कधी चुकली नाही.

पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला आणि नगर रोडला गेली. शटलचा उपयोग संपला. परत आमचे रविवार सुरू झाले, आता काखेत रंजना. कोरेगाव भीमाला बघितलं, कंपनी जवळ होती, पण कारखान्यांमुळं भाडी चढलेली. शिरूरला कंपनीची बस येणार होती, स्टँडपासून. लांब होतं, पण बसून जाता येणार होतं. मी रस्ता बघितला, म्हणालो ठीक आहे. बाजार समितीच्या मागं एक चाळ होती. मालकीण म्हातारी, शेतकऱ्याघरची, कपाळावर गोंदण, तोंडात तंबाखू. गंगूमावशी. त्या वेळी मी दारापासून लांब नव्हतो, सगळं ऐकलं.

"मावशी, प्यायला पानी देता का?"

"कुठली गं तू?"

"दौंडची."

"दौंडचं पानी मचूळ. हे पी, घोडनदीचं हाय." तिनं तांब्या दिला, वर गुळाचा खडा दिला. कौसल्या निम्मा तांब्या प्यायली आणि थांबली. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, सकाळपर्यंत काही न बोलणारी बाई, मधेच म्हणाली, "मावशी, आमी जयभीमवाले हाओत."

म्हातारीनं तंबाखूची पिंक टाकली. "मंग आता पानी माघारी वतू व्हय? पी की मुकाट. लेकराला बी पाज."

त्या चाळीत आमचं निम्मं आयुष्य गेलं. सकाळी बाजार समितीत कांद्याच्या गाड्या यायच्या, भिंतीतून कांद्याचा उग्र वास यायचा, अंगावरच्या कपड्यांना, उशीला. लिलावाचा गलका चालायचा. दुपारी सगळं शांत, आणि त्या शांततेत रंजना रडायची. रूळ नव्हते ना. मालगाडी नाही तर झोप नाही. पहिले कितीतरी दिवस कौसल्या पाळण्याला पाय लावून बसायची आणि हातानं मांडणी हलवायची. आधी हळू, गाडी लांब असल्यासारखी. मग ताटं, मग वाट्या, मग पळी टण्ण. पोरगी झोपायची. गंगूमावशी दारातून ओरडायची, "अगं कवसल्या, आली का गं तुझी गाडी?" कौसल्या म्हणायची, "आली मावशी. बसता का?" "न्हाई बाई, माझं तिकीट वरचं हाय."

उन्हाळ्यात बायका नदीवर गोधड्या धुवायला जायच्या. दगडांवर गोधड्या वाळत टाकलेल्या असायच्या, सगळा काठ रंगीत. मी पाळी करून उतरलो की स्टँडवरून घरी न जाता सरळ नदीकडं जायचो. ओल्या गोधडीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या हातात, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. ती जोर लावायची आणि मला ओढत न्यायची. बायका हसायच्या. आता घोडनदीत जलपर्णी माजलीय. पाण्याकडं कुणी बघत नाही. गोधड्या मशिनमध्ये बसत नाहीत म्हणून कुणी शिवतही नाही. चाळ पडली, तिथं बिल्डिंग झाली. मावशी तिच्या वरच्या तिकिटानं कधीच गेली. आम्ही पलीकडं दोन खोल्या बांधल्या, त्यातल्या एका खोलीत आता मी आहे, दुसरी बंद.

कौसल्या गेल्यावर मला झोप लागेना. एकदा उठून मी मांडणी हलवून बघितली. ताटं एकदम खडखडली, पळी आधीच पडली. तिच्या हाताची गाडी माझ्या हाताला येत नाही.

तर पल्लवी. रंजनाची लेक. रंजना लग्न होऊन परत दौंडलाच गेली, तिला झोप तिथंच लागते. पल्लवी शिकली, खराडीला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. दौंडहून गाडीनं हडपसर, तिथून बस, परत तसंच. माझाच रस्ता, वर आणखी एक गाडी बदलायची. पोरगी वाळून गेली. खराडीत राहायचं तर सगळा पगार भाड्यात. मग कौसल्या म्हणाली, आपण बघून येऊ. पल्लवीनं फोनवर सगळं काढून ठेवलं होतं. आम्ही तिघं वाघोलीच्या नाक्यावर उभे होतो.

"आज्जी, इथून ऑफिस पंचवीस मिनिटं. मॅपवर दाखवतंय."

"मॅपला म्हणावं, टरक आडवा पडल्यावर किती ते दाखव."

"तेपण दाखवतो. लाल होतो रस्ता."

"लाल व्हऊन करतो काय पुढं?"

"उभा राहतो," पल्लवी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी रस्ता बघत होतो.

दोनतीन खोल्या झाल्या. शेवटची गावठाणातल्या गल्लीत, खाली डबे करून देणारी बाई, वर खोली, जिना बाहेरून. पल्लवी वर गेली. कौसल्या पाणी मागायला खाली आत शिरली, बराच वेळ बाहेर आली नाही. मी गल्लीत उभा. खराडीची बस कुठून सुटते ते बघून घेतलं. नाक्यापासून गल्लीपर्यंत दुकानं आहेत, रात्री उघडी असतात, दिवे आहेत. माझा निम्मा निकाल तयार होता. पल्लवी तिथूनच तिच्या गाडीला गेली आणि आम्ही आमच्या.

दुसरा निम्मा कौसल्या घेऊन गेली.

दिवस उरकले. खोलीचं नाव कुणी काढेना. रंजनाला ती खोली नकोच होती, आई तिथून आली आणि गेली, एवढंच तिच्या डोक्यात. पल्लवी एकदा हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा ना. आज्जी सांगायची तसं." मी म्हणालो, "मला काय कळतंय पाण्यातलं." आणि पोरगी परत शटलला लागली. मग गेल्या आठवड्यात झोपेतच तिचं दौंड गेलं. गाडी पुढं बारामतीची होती, जाग आली ती बारामतीला. बाकावर एकटी बसून तिनं मला फोन केला. रडत नव्हती. नुसतं म्हणाली, "आबा, मला उतरायचं कळलंच नाही." रंजना म्हणाली, बास झालं, महिना भरला की नोकरी सोड.

म्हणून काल मी गेलो. एसटीत खिडकीकडं बसलो नाही.

गल्लीत जाऊन उभा राहिलो, जिथं मागच्या वेळी होतो तिथंच. ऊन तापलं होतं. आतून फोडणीचा वास येत होता, लसूण आणि कढीपत्ता. माझ्या घशाला कोरड पडली, आणि मी तसाच उभा. आयुष्यात न केलेलं काम म्हातारपणी करायचं म्हणजे जीभ वळत नाही. शेवटी ती बाईच बाहेर आली, पस्तिशीची असेल, हाताला पीठ.

"कोण पाहिजे बाबा?"

"जरा पाणी देता का?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला.

"या की आत. उन्हात काय उभे?"

"हितंच बरं."

तिनं तांब्या आणि फुलपात्र आणलं. उंबऱ्यावर ठेवलं नाही. फुलपात्र भरून माझ्या हातात दिलं, तेव्हा तिच्या तळहातावर टाक्यांची ओरखड्यासारखी खूण दिसली. मी पाणी प्यायलो. ती माझ्याकडं बघत होती.

"तुम्ही त्या आजींबरोबर होता ना? रस्त्यात उभे होता. मी म्हटलं त्यांना आत बोलवू का, तर आजी म्हणाल्या, राहू द्या, ते रस्ता बघत्यात." ती हसली. "कशा आहेत आजी?"

"गेली."

"अगं बाई. कधी?"

"हितून घरी गेल्यावर. त्याच रातीला."

ती जिन्याच्या पायरीवर खालीच बसली. हाताकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी माझा हात विळीवर कापला होता. टाके पडलेले. आणि आजींनी मोरीतली सगळी भांडी घासून दिली मला."

माझं डोकंच फिरलं. "भांडी? तिच्याकडनं भांडी घासून घेतली तुम्ही?"

"मी नको नको म्हणत होते, बाबा! देवाशप्पथ." बाई घाबरली होती. "त्यांनी पाणी पिता पिता नाव सांगितलं, कुठल्या, कोण. मी म्हटलं, आजी, मला दुपारचे डबे द्यायचेत, तुम्ही नावं कसली सांगताय, बसा. मग पाणी पिऊन झाल्यावर त्या आपणच फुलपात्र घेऊन मोरीत गेल्या. विसळलं. तिथं ढीग पडला होता. माझ्या हाताकडं बघितलं आणि पदर खोचून बसल्याच खाली. मला म्हणाल्या, एका हातानं चहा टाक, तेवढा जमंल. मी म्हटलं, आजी, पाहुण्यांनी असं करायचं असतं का? तर म्हणाल्या, म्या कवा म्हणलं मी पाव्हणी हाय?"

तिनं बाजूला सरकून पायरीवर जागा केली, मी बसलो. आत कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही. मी परत फुलपात्र पुढं केलं, तिनं भरलं. मग परत. सगळा तांब्या मी संपवला. वरची खोली मधे दोघींनी घेतली होती, परवाच रिकामी झाली, असं ती सांगत होती. मला दौंडची म्हातारी दिसत होती, गंगूमावशी दिसत होती. तिथंसुद्धा कौसल्यानं पहिल्या दिवशी भांडं विसळलं नव्हतं. चाळीत रुळायला तिला किती दिवस लागले. इथं एका चहाच्या आत रुळली.

परतीच्या गाडीत मी चिकू घेतला नाही. शिक्रापूरला गाडी अडकली, तेवढा वेळ नुसती मूठ मिटून बसलो.

घरी आल्यावर पल्लवीचा फोन आला. "आबा, कुठं होता दिवसभर? आई सारखी विचारत होती."

"वाघोलीला गेलो हुतो."

ती म्हणाली, "मग? कशी वाटली?"

"सकाळी सांगतो."

तिनं फोन हळूच ठेवून दिला.

आज सकाळी उठलो. पाणी पोटात बसलं होतं. मांडणीवरचा पालथा कप सरळ केला, आत धूळ नव्हती. माझाही घेतला. दोन्ही कपांत चहा ओतला. तिचा बशीत ओतून, फुंकर मारून मीच प्यायलो. मग पल्लवीला फोन लावला. ती दौंडच्या फलाटावर होती, मागं कोणती गाडी कुठं लागणार ते भोंग्यावर ओरडत होते.

"तिथं राहा," मी म्हणालो.

"काय? ऐकू येत नाही, आबा!"

"तिथं राहा! वाघोलीला. डबेवाल्या ताईकडं."

तिकडं इंजिनाची शिट्टी झाली. गाडी आत येत असावी. पल्लवीनं ओरडून विचारलं, "हे तुमचं का आज्जीचं?"

"माझं निम्मं. निम्मं तिचं."

तिनं गाडी पकडली का सोडली, मला कळलं नाही. मी फोन खाली ठेवला, मोरीवर बसलो, दोन्ही कप विसळले आणि मांडणीवर शेजारी शेजारी पालथे घातले. नळाचं पाणी जायला अजून वेळ होता, म्हणून हंडाही भरून घेतला.